ओव्हाळबाईंनी न सोडलेला अल्बम

गाणं लावून भाजी निवडणाऱ्या माणसाचा ओव्हाळबाईंना राग यायचा. "दोघांचाही अपमान," त्या म्हणायच्या, "गाण्याचाही आणि मेथीचाही." स्वतः गाणं ऐकायला बसल्या की त्या दुसरं काहीच करत नसत. चहा नाही, फोन नाही, मान डोलावणं तर नाहीच. येरवड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची होती. तिच्यात ताठ बसून, हात मांडीवर ठेवून त्या ऐकत. नव्या माणसाला वाटावं, बाईंना कुणीतरी गंभीर बातमी सांगतंय.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या, तेव्हा माझ्याशी भांडायला आल्या होत्या.

त्या काळात मी आठवडाभर हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करायचो आणि दर रविवारी एका दैनिकात नव्या अल्बमांवर लिहायचो. सदर लोकप्रिय होतं, कारण मी झोडपायचो छान. दुसऱ्याची स्तुती वाचायला पुण्यात कुणाला वेळ नसतो. त्याच सुमारास मेधा नावाच्या गायिकेचा 'पत्र्यावरचं ऊन' हा अल्बम आला. तोवर ती गोड गळ्याची भावगीत गायिका म्हणून माहीत होती. इथे तिनं गोडवा बाजूला ठेवला होता. कामावर जाणाऱ्या बायकांची आठ गाणी, साथीला एक ढोलकी, एक गिटार, मध्येच शिलाई मशीनची घरघर. सातव्या गाण्यात तर तिचा आवाज चक्क चिरकत होता. मी लिहिलं, "सर्दी गायिकेला झाली होती की ध्वनिमुद्रकाला, हे कळायला मार्ग नाही."

ते वाक्य गाजलं. लोक ते एकमेकांना सांगून हसले. आणखी दोन समीक्षकांनी तोच सूर लावला. दुकानदारांनी सीडी मागच्या फळीवर सरकवल्या. मेधाचे ठरलेले कार्यक्रम एकेक करून रद्द झाले, असं कानावर आलं. मी तोवर पुढच्या अल्बमकडे वळलो होतो.

पुढच्या शनिवारी लेख द्यायला वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो, तर दारातल्या बाकावर एक पन्नाशीच्या बाई बसलेल्या. हातात माझ्या लेखाचं कात्रण.

"सर्दीवाले तुम्हीच का?"

"हो," मी हसून म्हणालो. कौतुक करायला आल्या असतील, असं मला वाटलं.

"अल्बम किती वेळा ऐकलात?"

"एकदा."

"कुठं?"

"कंपनीच्या बसमध्ये," मी खरं बोलून बसलो.

"हिंजवडीच्या? मग वाकडच्या चौकातले हॉर्नही अल्बममध्येच धरलेत का?"

मी हातातल्या लेखाची घडी घातली.

"पूर्ण ऐकलात?"

मी आणखी एक घडी घातली. सातवं गाणं अर्धं झालं असताना मला ऑफिसातून फोन आला होता. त्यानंतर उरलेलं ऐकायचं राहून गेलं होतं.

"मी सरकारी रुग्णालयात लोकांचे कान तपासते," बाई उठत म्हणाल्या. "मंगळवारी आणि शुक्रवारी असते. केसपेपर काढून सरळ या."

मी काही गेलो नाही. पण बाईंनी विषय सोडला नाही. संपादकांना त्यांनी पत्रं लिहिली. एक छापून आलं, तेही कापून चार ओळींचं. मग त्यांनी वस्तीतल्या बुद्धविहाराचं सभागृह मागून घेतलं आणि महिन्यातून एका रविवारी, सकाळची वंदना आटोपली की, तिथं तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायला सुरुवात केली. बाहेर फळ्यावर स्वतःच्या अक्षरात सूचना लिहिली : 'गाणी ऐकण्यासाठी बसणे आहे. मत देण्यासाठी येऊ नये.' पहिल्या खेपेला तिघंच होती. बाई स्वतः, त्यांच्या वॉर्डातल्या एक मावशी आणि मार्केट यार्डात पाटी उचलणाऱ्या एक बाई.

चार वर्षांनी माझ्या आईला कमी ऐकू येऊ लागलं. केसपेपर काढून तिला आत घेऊन गेलो, तर समोर ओव्हाळबाई. मी ओळख दाखवली नाही. त्यांनीही दाखवली नाही. आईला त्यांनी हेडफोन लावून दिला, आवाज आला की बटण दाबायचं हे समजावलं. आई भलत्याच वेळी बटण दाबायची आणि ओशाळायची. "मावशी, घाई नाही," त्या म्हणाल्या. "आवाज कुठं पळून जात नाही. आला असं वाटलं तरच दाबा." अर्धा तास त्या बसून राहिल्या. बाहेर रांग होती, पण त्यांच्या आवाजात ती रांग कुठं ऐकू आली नाही.

आईचं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही बसा."

"मला काही त्रास नाही."

"बसा."

मी बसलो. त्यांनी दोन्ही कान व्यवस्थित तपासले, कागदावर रेघ काढली आणि म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. म्हणजे दोष कानांत नाही."

आईला नेमकं तेवढं ऐकू आलं. ती खुदकन हसली.

त्या महिन्यात मी विहाराच्या सभागृहात जाऊन मागे बसलो. आता वीसेक माणसं होती. रिक्षावाले, परिचारिका, कॉलेजच्या दोन मुली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सातवं गाणं लागलं. कारखान्यातली एक बाई पाळीच्या मधल्या सुट्टीत फोनवरून आपल्या लेकराला अंगाई म्हणतेय. लेकरू पलीकडे झोपी गेलंय, हे तिला कळतं, पण फोन ठेववत नाही. तिथं मेधाचा आवाज फाटत होता. चुकून नव्हे. तिनं तो तिथं फाटू दिला होता. मी त्याला सर्दी म्हटलं होतं.

नंतर बाईंनी मला घरी नेऊन चहा दिला. मी विचारलं, "तुम्हाला याचं एवढं का लागलं?"

"माझे वडील भीमगीतं गायचे," त्या म्हणाल्या. "माणसं दोन-दोन मैल चालत यायची ऐकायला. एकदा एका मोठ्या कार्यक्रमाच्या निवडीला गेले. परीक्षक म्हणाले, आवाजात खरखर आहे. संपलं. त्यानंतर वडील घरातसुद्धा मोकळेपणानं गायले नाहीत. मी नऊ वर्षांची होते. मला तेव्हा बोलता आलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आता येतं."

मी संपादकांना म्हणालो, मला त्या अल्बमवर पुन्हा लिहायचंय. ते म्हणाले, "चार वर्षांपूर्वीच्या अल्बमवर आता कोण वाचणार?" खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, पण रविवार चुकला नाही. मग कॉलेजच्या त्या दोघींपैकी एकीनं सातवं गाणं कुठल्याशा कार्यक्रमात म्हटलं. ते फोनवरून पसरलं. घर सोडून हिंजवडीच्या हॉस्टेलांत राहणाऱ्या पोरींनी ते आपलं करून टाकलं. अल्बम पुन्हा निघाला. आणि ज्यांनी तो बुडवला होता, तेच आता लिहू लागले : 'काळाच्या पुढचा अल्बम.'

एका संस्थेनं सोहळा ठेवला. मंचावर दोन समीक्षक, त्यांतला एक मी. 'रसिक श्रोता' म्हणून ओव्हाळबाईंचा सत्कार. मेधाही आली होती, पण मंचावर यायला तिनं नकार दिला आणि मागच्या एका रांगेत बसली. शाल खांद्यावर पडताच बाईंनी माइक हातात घेतला.

"सगळे म्हणताहेत, हा अल्बम काळाच्या पुढं होता. नव्हता. मी तो आला त्याच आठवड्यात ऐकला आणि मला कळला. आमच्या वॉर्डातल्या मावशींना कळला. मार्केट यार्डातल्या पाटीवालीला कळला. आम्ही काय पुढच्या काळातून आलो होतो? अल्बम वेळेवर आला होता. उशिरा आलात ते तुम्ही. उशीर झाला की माणसानं 'उशीर झाला' म्हणावं, घड्याळाला नावं ठेवू नयेत." त्यांनी शाल काढून घडी केली. "ही मेधाताईंना द्या. वर्षं त्यांची गेलीत, माझं काही गेलेलं नाही."

पोरीबाळींनी सभागृह डोक्यावर घेतलं. मंचावरचे आम्ही आपापल्या चपला पाहत बसलो.

खाली उतरल्यावर मी बाईंना म्हणालो, "मला माफ करा."

"माझी कसली माफी मागता? त्या तिथं बसल्यात."

मी मेधाकडे गेलो. नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुमचं ते वाक्य माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंनाही पाठ होतं," ती म्हणाली. "मी गाणं थांबवलं ते एकट्या तुमच्यामुळे नाही. पण पहिले तुम्ही होतात. माफ केलं, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल."

परतताना रिक्षात बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं.

"बरं केलं. माफी मिळाली असती तर घरी जाऊन निवांत पडला असता. आता लिहा. त्याच पेपरात, स्वतःच्या नावानं, तेवढ्याच ठळक अक्षरांत."

लिहायला मला दोन महिने लागले. तोवर बाईंच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता. जिथं आयुष्यभर नोकरी केली त्याच रुग्णालयात त्या खाटेवर होत्या. मी लेखाचे कागद घेऊन गेलो. त्यांनी पेन्सिल मागितली आणि सावकाश वाचत एका ओळीपाशी थांबल्या. 'त्या वेळी माझी समज अपुरी होती.' त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"का?"

"खोटं आहे. समज होती तुम्हाला. विहारात एका बैठकीत कळलंच ना? तुम्ही ऐकलंच नव्हतं. तेवढंच लिहा."

मी तिथंच, त्यांच्या खाटेच्या कडेवर कागद टेकवून लिहिलं : 'हा अल्बम पूर्ण न ऐकताच मी त्यावर लिहिलं होतं.' त्यांनी ते वाचलं, पेन्सिल मला परत दिली आणि भिंतीकडे कूस बदलली. त्यांचं काम झालं होतं.

गुरुवारी ओव्हाळबाई गेल्या. शनिवारी दुपारी वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. नवे संपादक अदबीनं बोलत होते. "लेख फार सुंदर आहे हो. फक्त ते न ऐकता लिहिल्याचं वाक्य तेवढं काढू या का? आपल्या पेपरचं नाव जातं."

"नाव जाऊ दे," मी म्हणालो. "ते वाक्य निघत असेल, तर लेख परत द्या."

"बघतो," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

रविवारी लेख छापून आला. ते वाक्य होतं.