बारवेतले चतुर

हर्सूल मागे पडलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाठीवर मिररलेस कॅमेरा, पिशवीत मॅक्रो लेन्स आणि डोक्यात राग. सिल्लोडपुढच्या एका गावात बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) बुजवून तिथं सभामंडप बांधायचं घाटत होतं. कारण काय, तर डास. गटारं उघडी ठेवायची यांनी आणि खापर फोडायचं बारवेवर. चतुर म्हणजे चार पंखांचे उडणारे किडे; त्यांची पिल्लं पाण्यात वाढतात, डासांच्या अळ्या खाऊन. तेच टिपायचं आणि दुपारच्या ग्रामसभेत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरायचं, असं मी ठरवलं होतं.

सिल्लोडला चहा घेतला. चहावाल्यानं कॅमेरा पाहिला.

"लग्नाचं शूटिंग का ताई?"

"किड्यांचं."

"त्यांचं बी लगीन लागतं व्हय?"

पुढं दोन्ही अंगांना मका उभा होता. मला बोलावणाऱ्या शकुंतलाकाकू वेशीतच थांबल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी याच बारवेचं पाणी ओढलं. तिच्यासाठी गावात भांडणाऱ्या त्या एकट्याच.

"चल, बघ तर खरं," म्हणाल्या.

पाहिलं आणि पहिल्याच पायरीवर थबकले. फटींतलं गवत, काठचं लव्हाळं, सगळं उपटलेलं. कठड्याला ताजा चुना, वर रांगोळी. पाणी नितळ, आणि नाकात झोंबणारा टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास.

"काकू, पावडर टाकलीत?"

"मंग? तू चारचौघांत दाखवनार. घान दिसली असती तर आपलीच नाचक्की. मी अन् सून, दोघी राबलो. पंचायतीच्या शिपायाकडून मागून आनली पावडर. लई टाकली, कमी नको पडाया."

काठाशी पिल्लं मरून तरंगत होती. एक तांबडा चतुर वर घिरट्या घालत होता. टेकायला काडी मिळेना, तसा निघून गेला. मी मेलेली पिल्लं टिपली. काकूंनी स्क्रीनवर वाकून पाहिलं.

"हेच व्हय ते?"

"हेच."

त्या तिथंच पायरीवर बसल्या.

घरी सुनेनं भाकरी आणि येसराची (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची) आमटी वाढली. एरवी भाषण ठोकायला मला निमित्त लागत नाही. त्या ताटावर मात्र मी नुसती आमटी मागून घेतली.

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "दाखवा ताई, तुमचं जनावर."

दाखवायचं म्हणजे काकूंना गावासमोर उभं करायचं. "चित्रण झालं नाही," मी म्हणाले.

बायकांतून काकू उठल्या. "झालंय. माझ्याच हातानं मेलेत ते. दाखव पोरी, लपवू नको."

कॅमेरा हातोहात फिरला. कुणी हसलं नाही. सरपंचांनी बराच वेळ पाहिलं.

"वाईट झालं, काकू. पन आता मेलंच हाय समदं, तर बुजवायला कोनाची आडकाठी?"

हात वर झाले. काकूंच्या सुनेचाही झाला, अर्धवट, इकडंतिकडं बघत.

संध्याकाळी परतले. आमच्या निसर्गप्रेमी गटाच्या पत्रकांत 'गुन्हेगार कोण?' हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं, आणि खाली उत्तरही तयार असतं. या बारवेचं पत्रक अजून लिहून झालेलं नाही. फुटेज रोज लावून बघते. पिल्लांचे डोळे, पाय, पाठीवरचे पंखांचे कोंब, सगळं स्पष्ट दिसतं. जिवंत किडा इतका स्थिर कधी राहिला नसता.