आवाज कसा लागला?

आमच्या मुलुंडच्या भजनी मंडळात भजन तासभर आणि चपला घालताना गप्पा दीड तास, हे ठरलेलं. किस्से जमतात ते या चपलांपाशी. पूर्वी सासू-सुनांचे जमायचे, आता मोबाइलचे जमतात. फोनचं स्टोरेज भरलं की फोन निदान ओरडतो तरी, काहीतरी डिलीट करा म्हणून. आमची डोकी ओरडत नाहीत आणि आम्ही काही डिलीटही करत नाही. फक्त हल्ली एक गंमत झालीय. हसायला म्हणून किस्सा सुरू करावा आणि शेवटी पदर डोळ्यांना लागावा, असंच फार होतं.

आधी माणसं सांगते. मंगल आमची मुख्य. पेटी तिची आणि दराराही तिचा. ढोलकीवर नलिनी सावंत. सासरे गिरणीत होते, जन्म मुंबईत गेला, पण ती बोलते अजून मालवणीच. मी शैला, टाळ वाजवते आणि गाताना मागच्या रांगेत बसते. आणि कमल परब, म्हणजे मंडळाचा आवाज. बाकीच्या आठ-दहा जणी जमेल तशा येतात. दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आमची बैठक असते.

* * *

एकदा मंगलच्या पेटीचा भाता दुरुस्तीला गेला होता. तिने फोनवर म्युझिक ट्रॅक लावला. "आता सगळं यातच मिळतं गं!" म्हणाली.

आमची रीत अशी, की पुढचीने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटून तीच मागे म्हणायची. अभंग छान रंगात आला होता. तेवढ्यात ट्रॅक थांबला आणि एक बाई फोनमधून फार प्रेमाने म्हणाली, "केस गळतायत? आजच मागवा!"

नलिनीचे डोळे मिटलेलेच. तिने ढोलकीवर थाप मारली आणि त्याच चालीत मागे म्हटलं, "आजच मागवाऽऽ!" तिच्यामागून आणखी चौघींनी!

कमल हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. वॉचमन दारातून डोकावून गेला. "नले," ती डोळे पुसत म्हणाली, "देवाचे केस गळत असतील तर मागवेल हो तो!"

* * *

हल्ली कुठलंही पद अडलं की आम्ही यूट्यूबवर जातो. सगळं सापडतं. कमलची गौळण तेवढी सापडत नाही.

ती तिच्या सासूने कोकणातल्या गावाहून आणलेली. मंगलने हरतऱ्हेने शोधून पाहिली आणि वैतागून म्हणाली, "गूगललासुद्धा येत नाही ही!"

"त्याला कशी येणार?" कमल म्हणाली. "तो माझ्या सासूच्या हाताखाली राहिलाय कुठे!"

आणि मंडळाचा नियम असा, की जिने गौळण आणली, कडवी तिची. बाकीच्यांनी फक्त धृपद धरायचं. त्यामुळे इतकी वर्षं आम्ही धृपदच म्हणत आलो. कडवी ऐकून ओळखीची आहेत, पण म्हणायला गेलं तर दुसऱ्या ओळीला गाडी अडते. "एकदा रेकॉर्ड करून ठेवू या ना," असं मी किती वेळा म्हटलं असेल.

"मी कुठे पळून चाललेय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

* * *

पळून नाही गेली, पण गेली. यजमान वारल्यावर तिच्या एकुलत्या मुलाने, अमोलने, तिला न्यू जर्सीला नेलं. इथला फ्लॅट भाड्याने दिला. निघताना तिने टाळांची जोडी बॅगेत टाकली होती. अमोल म्हणाला, "आई, तिथे हे वाजवता नाही येणार." मग तिने ती माझ्या हातात ठेवली. मी तीच वाजवते.

पण मंगल हार मानणारी नाही. पुढच्याच गुरुवारी तिने कमलच्या जागेवर पाट मांडला, पाटावर फोन उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. आपली संध्याकाळ ती तिकडची सकाळ. स्क्रीनवर कमल! अंगात स्वेटर, कपाळावर तीच ठसठशीत टिकली. आम्ही लहान मुलींसारख्या टाळ्या पिटल्या.

"घर झकास आहे गं," ती म्हणाली. "भिंती मात्र लाकडाच्या. शिंकलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातं."

भजन सुरू झालं आणि वाट लागली. तिचा आवाज उशिरा यायचा. आमची ओळ संपून पुढची सुरू झाली, की मागून तिची आधीची ओळ यायची. ढोलकी एकीकडे, टाळ दुसरीकडे. दोन-तीन गुरुवार आम्ही तिच्यासाठी थांबून थांबून गायलो. शेवटी नव्या आलेल्या बायका कुरकुरायला लागल्या.

एका गुरुवारी मंगलने काही न बोलता फोनचा आवाज शून्यावर नेला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि पुढची ओळ धरली.

भजन छान झालं. कॉल बंद केल्यावर ग्रुपवर कमलचा मेसेज आला, "आज माझा आवाज कसा लागला?"

मंगलने टाइप केलं, "झकास!"

त्या दिवसापासून ती रीतच पडली. दर गुरुवारी पाटावर कमल यायची, हात जोडायची, डोळे मिटून गायची. दर गुरुवारी तिचा तोच प्रश्न आणि मंगलचं तेच उत्तर. मला ते फार लागायचं. पण खरं सांगून तिची एवढी एक जागा कुणी काढून घ्यायची?

* * *

आता माझं स्वतःचं. माझा मुलगा बंगळुरूला असतो. रविवारी फोन करतो आणि दहाव्या मिनिटाला "चल आई, ठेवतो" म्हणतो. एका रविवारी बोलणं लांबवायला म्हणून मी म्हटलं, "काही नाही रे, चहा करायचाय, पण घरातलं आलं संपलंय."

"एक मिनिट हं," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, चला, आज बोलायला बसला.

आम्ही जेमतेम पावसापाण्याचं बोललो आणि बेल वाजली. दारात ॲपचा माणूस, हातात आल्याची पिशवी!

"आलं आलं ना?" तिकडून मुलगा खुशीत म्हणाला. "चल, ठेवतो मग!"

चपलांपाशी हे सांगितलं तर सगळ्या खो-खो हसल्या. नलिनीच्या मालवणीत मुलगा म्हणजे झील. ती म्हणाली, "भाजी दहा मिनिटान येता आणि झील येता दिवाळीक!" मग जी ती खाली वाकून आपली चप्पल शोधायला लागली.

* * *

नलिनीचे यजमान पहाटे गेले, ते मात्र सगळ्यांत वाईट.

ग्रुपवर बातमी आली आणि बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, पणतीचं चित्र, पांढरं फूल. मीही हात पाठवले. मंगलने पाठवले. मंगल राहते बी विंगमध्ये आणि नलिनी सी विंगमध्ये! अंत्यविधीला पुरुष मंडळी जाऊन आली. पूर्वी असं काही झालं की आम्ही त्याच संध्याकाळी त्या घरी जाऊन नुसत्या बसायचो. या वेळी प्रत्येकीला वाटलं, दुसरी गेली असेल.

तिसऱ्या दिवशी कमलचा व्हॉइस मेसेज आला. बाहेर बागेत वगैरे जाऊन बोलत असावी, वाऱ्याचा आवाज होता. "मंगल, शैला, मी फोन केला होता नलीला. ती म्हणते कुणी आलंच नाही. दार वाजवलंत का गं तिचं? मला इथून वाजवता येत नाही म्हणून विचारते."

आम्ही तशाच गाऊनवर ओढण्या घेऊन धावलो. नलिनीने दार उघडलं. ती रागावलीसुद्धा नाही. "गो," ती एवढंच म्हणाली, "हात सगळ्यांनी जोडल्यानी, पण दार कोणीच वाजवल्यान नाय."

मंगलला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

* * *

रीलचं सांगायचं राहिलंच! मंगलच्या नातीने, ऋचाने, आमचं एक भजन शूट केलं, त्याखाली धडामधुडूम म्युझिक घातलं आणि टाकलं इंस्टावर. झालो की आम्ही व्हायरल! भाजीवाला म्हणे, "आजी, तुम्ही त्या रीलवाल्या ना?"

पुढच्या गुरुवारी हॉल भरला. नव्या बायका एकसारख्या साड्या नेसून आल्या. एकीने विचारलं, "शूटिंग किती वाजता?" भजन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटातच दुसरी म्हणाली, "बास ना, एवढं पुरे होतं."

"देव अर्ध्या मिनिटात येता काय गो?" नलिनीने ढोलकी थांबवून विचारलं.

दोन महिन्यांत त्या सगळ्या गेल्या. पण त्या गडबडीत एक झालं. सोसायटीने ठरवलं, की यंदा गोकुळाष्टमीचं भजन मोठ्या पडद्यावर, स्पीकर लावून, लाइव्ह करायचं. मंगल लगेच म्हणाली, "मग कमलची गौळण होईल. तिच्याच तोंडून. आवाज पूर्ण मोठा ठेवून."

मला म्हणाली, "आवाज उशिरा आला तरी चालेल. कडवी तिची एकटीचीच आहेत, ताल आपण तिच्यामागून धरू. आणि या खेपेला रेकॉर्ड करू. वर्षभर मी तिला खोटं सांगतेय गं. एकदा तरी खरं झकास म्हणू दे मला."

ग्रुपवर विचारलं. कमल एरवी मिनिटात उत्तर देते. या वेळी अख्खा दिवस गेला. मग आलं, "म्हणते."

* * *

अष्टमीच्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर कमल आली, नऊवारी नेसून, नथ घालून. तिकडच्या सकाळी एवढं सगळं तिने कधी उठून केलं असेल! ऋचाने रेकॉर्डिंग लावलं. मंगलने खूण केली आणि स्पीकर पूर्ण मोठा केला.

कमलच्या घरातले आवाज हॉलभर घुमले. कुठेतरी नातवाचं खेळणं टुणटुणत होतं. शेजारच्या खोलीत अमोल ऑफिसच्या कुणाशीतरी इंग्रजीत बोलत होता. त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

कमलने हात जोडले, डोळे मिटले आणि गौळण सुरू केली.

आवाज आला नाही.

ओठ हलत होते. मान हलत होती. मांडीवर हाताने ताल चालू होता. स्पीकरमधून फक्त अमोल ऐकू येत होता, मध्येच हसत होता.

मागून लोक ओरडले, "आवाज! आवाज!" कुणी म्हणालं नेटवर्क गेलं. ऋचा फोनकडे धावली.

"ऱ्हवांदे," नलिनी म्हणाली. ढोलकीवाली ती, आयुष्यभर तिची नजर कमलच्या ओठांवर. "ती गाताच नाय हा. नुसते ओठ हलयता."

मंगलने हात वर करून हॉल गप्प केला. नलिनीने कमलच्या हाताकडे बघत ढोलकीवर अगदी हलकी थाप धरली. मी टाळ घेतले, तिचेच. पहिलं कडवं संपून कमलचे ओठ थांबले, तसं मंगलने धृपद उचललं आणि आम्ही सगळ्यांनी ते गळा फाडून म्हटलं. मग पुन्हा गप्प. पुन्हा ओठ, ताल, अमोलचं इंग्रजी. पुन्हा धृपद. सगळी कडवी झाली. मी रडत होते आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

शेवटी कमलने डोळे उघडले, आमच्याकडे बघून हात जोडले आणि कॉल बंद झाला.

आम्ही चपलांपाशी आलो. तेवढ्यात ग्रुपवर तिचा मेसेज आला, "आज माझा आवाज कसा लागला?"

मंगल पायरीवर खाली बसली. तिने लिहिलं, "झकास." मग थोड्या वेळाने, "कधीपासून गात नाहीस गं?"

"दिवाळीपासून. अमोलचं ऑफिस घरातच आलं ना, तेव्हापासून."

आम्ही सगळ्या मंगलच्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होतो. कमल अजून टाइप करत होती. मग आलं,

"पण मंगल, आजचं झकास तेवढं मी खरं धरते."