मॅनेजरअप्पांची संध्याकाळ

मॅनेजरअप्पा गिऱ्हाइकाला बसल्याबसल्या ऑर्डर देऊ देत नसत. हॉटेल चालवणाऱ्या माणसाचा हा गुण म्हणायचा की रोग, हे त्यांच्या मालकालाही कधी ठरवता आलं नाही. कुणी खुर्चीला टेकता टेकता "दोन राइसप्लेट, लवकर" म्हणालं की अप्पा पेन्सिल कानामागे खोचायचे.

"आत्ता न्हाई. आधी बसा."

"बसलोय की."

"बूड बसलंय. डोकं अजून हाफिसातच हाय."

आणि निघून जायचे, ते पंधरा मिनिटांनी उगवायचे. तोवर दुसऱ्या पोऱ्याला किंवा वेटरला हाक मारून उपयोग नसे, सगळे अप्पांचेच शिकवलेले. एखादा फारच तडतडला तर अप्पा शांतपणे सांगायचे, "भूक लई लागली असंल तर घरी जावा. जेवण घरी बी हाय. इथं संध्याकाळ मिळते."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. त्याआधी आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे दिवस आणि रात्र यांच्यामधली घाई. रात्रीचं जेवण हॉटेलात घेणारा माणूस दिसला की लोक चौकशी करायचे, "वहिनी माहेरी गेल्या का?" जिल्ह्याबरोबर कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर बाहेरगावचे साहेब आले आणि साहेबांच्या बायका विचारू लागल्या, की इथे संध्याकाळी जायचं कुठे? त्याचं उत्तर म्हणून एका मालकाने औसा रोडला गार्डन रेस्टॉरंट काढलं आणि ते चालवायला अप्पांना आणलं. अप्पा मूळचे उदगीरचे, पण उमेदीची वर्षं सगळी हैदराबादच्या हॉटेलांत गेलेली. पांढरा शर्ट, तेल लावून मागे बसवलेले केस, आणि चालणं असं की जणू मागे बँड वाजतोय. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "संध्याकाळी घरी कोण जाणार?"

गार्डन रेस्टॉरंट निघालं खरं, पण गार्डन टिकेना. पाऊस दोन वर्षं रुसलेला, टँकर आला तर आला. हिरवळ आधी पिवळी पडली, मग तिथली मातीच दिसू लागली. मालक म्हणाला, पाटीवरचं 'गार्डन' पुसून टाकू. अप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी मंडपवाल्याकडून हिरव्या चटया आणून सगळ्या अंगणात अंथरल्या आणि त्यावर टेबलं मांडली. पहिल्याच दिवशी खेड्यातून लग्नाच्या खरेदीला आलेलं एक मोठं कुटुंब गेटातून आत आलं. चटई दिसल्यावर सगळ्यांनी चपला काढून रांगेत ठेवल्या आणि टेबलं-खुर्च्या बाजूला सारून ऐसपैस मांडी घालून पंगत धरली. आजूबाजूचे साहेबलोक हसायला लागले. अप्पांनी स्वतःचे बूट काढले, अनवाणी जाऊन त्यांना वाकून वाढलं, आणि हसणाऱ्या एका साहेबाच्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा, शिस्त कशी असती ती. तुम्ही मातर चटईवर बुटानं फिरून राहिलाव." साहेबांनी बूट काढले की नाही ते आठवत नाही. पाय मात्र खुर्चीखाली ओढून घेतले.

मी त्या वेळी कलेक्टर कचेरीत कारकून होते. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. हे मी तेव्हा जरा जास्तच वेळा सांगायची, आणि आजही सांगते. बिलोलीची सुमन टायपिस्ट होती. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. नळाला पाणी नाही, खोलीत पंखा नाही, म्हणून एका संध्याकाळी हिय्या करून या हॉटेलात गेलो. गेटावरच अडलो. अंगणात सगळे पुरुष. कडेला प्लायवूडच्या खोल्या, त्यांना पडदे आणि वर पाटी: 'फक्त फॅमिलीसाठी'.

वेटर म्हणाला, "संगं कोण हाय?"

"कुणी नाही. आम्ही दोघीच."

"मग फॅमिली कशी?"

तो अप्पांना घेऊन आला. अप्पांनी आम्हाला नीट पाहून घेतलं. "नोकरी करता?"

"हो. कलेक्टर कचेरीत."

"पगार घरी धाडता?"

"निम्मा."

अप्पा वेटरकडे वळले. "घर कोण चालवतंय? ह्या. मग फॅमिली ह्यांचीच. बाकीचे ह्यांच्या संगं आले तर येऊ दे." आणि पडदा बाजूला धरून म्हणाले, "या, कलेक्टरीणबाई."

तेव्हापासून मी कलेक्टरीणबाई आणि सुमन सेक्रेटरीबाई. आठवड्यातून एक संध्याकाळ आमची. अप्पा पाणी अर्धाच ग्लास ओतायचे, पण स्वतःच्या हाताने, आणि असं की जणू सरबत देतायत. आम्ही इडली मागवायचो आणि बोलायचो. साहेब काय म्हणाले, बडेबाबूंनी कुणाची रजा अडवली, लग्नाला आलेलं स्थळ किती बावळट होतं. खोलीत हेच बोललो असतो, पण खोलीत ते रडगाणं झालं असतं. इथे हसायला यायचं. अप्पा पडद्याबाहेरून खाकरायचे, "हसणं जरा कमी करा. साहेबलोक इचारून राहिले, आत काय फुकट मिळतंय म्हणून."

त्या पडद्यानेच घोटाळा केला. आमच्या गावच्या कुणीतरी मला तिथून निघताना पाहिलं आणि गावात जाऊन दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की पोरगी हॉटेलात बसते, पडद्यामागं. दादा त्या वेळी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. हातातली हातोडी ठेवली आणि एस.टी. धरली. कचेरी सुटायच्या वेळेला दारात उभे.

"पेटी भर. गावाकडं चल."

"नोकरी?"

"नोकरीचंच झालं हे."

मी भांडले नाही. भांडले असते तर ते गप्प बसले असते, आणि दादा गप्प बसले की संपलं. मी म्हटलं, "नऊच्या गाडीला वेळ आहे. मी कुठे बसते ते एकदा बघा. मग भरते पेटी." ते आले. पण हॉटेलच्या गेटाशी आल्यावर थांबले. उजवा पाय जरा पुढे टाकून मागे घेतला. "तू जा. मी हितं हाय."

ते आत का येत नव्हते हे मला ठाऊक होतं. आमची वस्ती बौद्धांची. दादांच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप वेगळे, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले. चहा वरून ओतायचे, उभ्याने प्यायचा, कप धुऊन परत कोनाड्यात. पुढे ते बंद झालं, कोनाडासुद्धा बुजवला. पण दादा कुठल्याच हॉटेलच्या आत गेले नाहीत. कुणी अडवलं असतं म्हणून नव्हे. पाय उचलत नसे, एवढंच.

अप्पांनी लांबून पाहिलं. ते आले, दादांना हात जोडले. 'आत या' म्हणाले नाहीत. मागे वळून दोघा वेटरांना म्हणाले, "मधलं टेबल उचला. इथं आणा." आणि टेबल आणून गेटातच मांडलं, दोन पाय आत, दोन पाय बाहेर. त्यावर पाण्याचे दोन ग्लास, शेजारी दोन खुर्च्या. दादा खुर्चीच्या टोकावर बसले.

लगेच लोकांची अडचण व्हायला लागली. एक जाडसर वकीलसाहेब पोट आत घेऊन आडवे सरकत आत गेले. मागोमाग एक बाई लेकराला कडेवर घेऊन थांबली. दादा उठून उभे राहिले. "अहो, वाट अडतीय लोकांची."

"हाव की," अप्पा म्हणाले. "जरा आत घेऊ का?"

दादांनी स्वतःच एक बाजू धरली. अप्पांनी दुसरी. दोन हात आत घेतलं. तिथे वेटरांची ये-जा.

"इथं बी अडचणच हाय," दादा म्हणाले.

"हाय खरी. अजून थोडं?"

असं करत करत टेबल होतं त्या जागी, अंगणाच्या मधोमध गेलं. दादा दमले होते म्हणून बसले. बसल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आपण कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं. उठले मात्र नाहीत. अप्पा निघून गेले, नेहमीसारखे.

"काय करायचं असतंय हितं?" दादांनी हळूच विचारलं.

"काही नाही. बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

बऱ्याच वेळाने पालक-पनीर आलं. दादांनी पनीरचा तुकडा दोन बोटांत धरून पाहिला, खाल्ला आणि म्हणाले, "खरवस हाय. गूळ इसरलेत." अप्पा मागेच उभे होते. "आचाऱ्याला सांगतो," म्हणाले, अगदी गंभीरपणे.

मग दादांनी ताट बाजूला सारलं. "मॅनेजरसाहेब, माझी पोरगी पडद्यामागं बसती म्हणत्यात."

"बसत होती. मीच बसवलतं. बायकांना बरं पडंल असं वाटलं. चूक माझी." अप्पांनी वरच्या दिव्याकडे बोट केलं. "उद्यापास्नं ह्या टेबलाला बसंल, ह्या उजेडात. गावातलं कोण बी येऊ दे. माझ्याकडं खुर्च्या लई हायत."

दादांनी ताट परत पुढे ओढलं. स्टँडवर गाडीत चढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटी ऱ्हाऊ दे."

पडदे आठ दिवसांत उतरले. त्यांचे अप्पांनी टेबलक्लॉथ केले. आमचं पाहून आणखी दोन शिक्षिका यायला लागल्या, मग दवाखान्यातल्या नर्सेस. सगळ्यांना पंधरा मिनिटांची शिक्षा सारखीच.

पण टँकर महाग होत गेले. शेवटी मालकाने स्वयंपाकघर बंद केलं, चटया परत पाठवल्या आणि पुढच्या बाजूला फक्त चहा ठेवला. अप्पा म्हणाले, "चहाला मॅनेजर कशाला? चहा उभ्यानं बी होतो." त्यांना नांदेडला काम मिळालं. जायच्या दिवशी ते कचेरीत आले, माझ्या टेबलापाशी एक मिनिट उभे राहिले. "बरंय, कलेक्टरीणबाई," एवढंच म्हणाले. मागे वीस लोक रेशनकार्डासाठी उभे होते, मला धड उठताही आलं नाही. पुढे मी नांदेडला दोनदा गेले, दोन्ही वेळा शोधलं. नाही सापडले.

त्या हिवाळ्यात दादा अप्पांसाठी बोरांची पिशवी घेऊन आले. अप्पा गेल्याचं मी त्यांना कळवलंच नव्हतं. संध्याकाळी खोलीवर परतले तर ते पायरीवर बसलेले, पिशवी मांडीवर.

"गेलतो हाटेलात. अप्पा न्हाईत. नांदेडला गेले म्हणं."

"हो. मग लगेच परत आलात?"

"न्हाई. आत जाऊन बसलो."

मी कुलूप काढता काढता थांबले. "कुणी ओळखीचं होतं?"

"कोण न्हाई. नवा मनुष्य हाय." दादांनी एक बोर निवडून मला दिलं. "चहा मागवला. बरा नव्हता. तसं सांगून आलो त्याला."