मुंग्यांनी चाटलेल्या सात काचा

मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली वसाहतीत माझं उपकेंद्र होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत सरकार, मागच्या खोलीत मी. वडशात अब्बांचं गादी-रजईचं दुकान होतं आणि ‘आमची पोरगी सरकारी नर्स झाली’ हे त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला दोनदा सांगून झालं होतं.

छत्तीसगड तेव्हा वेगळं राज्य झालेलं नव्हतं. दिवाळी उलटली की तिकडून बांबू तोडायला टोळ्या यायच्या, बायकापोरांसकट, आणि नदीपलीकडच्या जंगलात पालं टाकायच्या. टोळी उतरल्याचं कळलं की मी जायचं. पोरांना गोवराची लस, गरोदर बायांना धनुर्वाताची सुई, आणि लहानथोर सगळ्यांच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. मलेरिया आमच्याकडे घरचाच, पण मेंदूत जाणाऱ्या मलेरियाची मला फार भीती वाटायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक धडधाकट बाप्या तिसऱ्या दिवशी गेलेला मी बघितला होता.

त्या वर्षीच्या टोळीनं सुया मुकाट्यानं घेतल्या, पण बोट द्यायला कोणी तयार होईना. रक्त नेऊन शहरात विकतात, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. मी आधी गोड बोलले, मग चिडले. आवाज चढवणं मला चांगलं जमतं, पण उपयोग शून्य. शेवटी एक पोटुशी पोरगी पुढं आली. अठरा-एकोणीसची, पहिलटकरीण, सहावा संपत आलेला.

“का करबे मोर खून ला?” तिनं विचारलं. माझ्या रक्ताचं काय करशील?

“तपासीन,” मी म्हटलं. “ताप आत लपून बसला असेल तर आधीच कळेल. तुझ्या बाळाला काही होऊ देणार नाही.”

तिनं बोट पुढं केलं. टोचल्यावर हसली. मग तिच्यामागं आपोआप रांग लागली आणि संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस काचा झाल्या.

काचा वाळायला ठेवायचं टेबल ठरलेलं होतं. त्याचे चारी पाय पाणी भरलेल्या चार वाट्यांत असायचे, कारण मुंग्या. काचेवरचं रक्त त्या चाटून साफ करतात. हे मला शिकवलेलं होतं, मी दुसऱ्यांना शिकवत होते, आणि त्या दिवशी आठ किलोमीटर चालून, नदी उतरून आले तर वाट्या कोरड्या आहेत हे बघितलंच नाही. भात खाऊन परत आले तेव्हा सात काचा लख्ख झाल्या होत्या. कडेला खरवडलेले नंबर तेवढे शिल्लक. पहिला नंबर त्या पोरीचा.

सकाळी सुपरवायझर काचा न्यायला येणार होते. वयानं मोठा माणूस, कामाला चोख, पण तोंडाला लगाम नाही. मागच्या महिन्यात एका सिस्टरला चार लोकांत म्हणाले होते, “काऊन वो बाई, तुले काचा सांभाळता येत नाई त नोकरी कायले करून राह्यली?” ती बिचारी रडत घरी गेली.

मी स्वतःच्या बोटाला टोचलं. सात काचा भरल्या. उद्या-परवा जाऊन त्या सातजणांचं खरं रक्त आणू, असं मनाशी म्हणत होते.

उद्या गेले नाही. परवा लसीकरणाचा दिवस होता. मग राहिलंच. आठवड्याभरानं रिपोर्ट आला, एक्केचाळीसही काचा साफ, मलेरिया कुठंच नाही. अल्ला, किती सुटल्यासारखं वाटलं मला! त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आरोग्य केंद्रात आमची मीटिंग होती. बाहेर गलका झाला म्हणून उठलो तर आवारात बैलबंडी उभी. बंडीत तीच पोटुशी पोरगी. डोळे पांढरे, दातखिळी बसलेली, अंग लाहीसारखं तापलेलं. आमच्यासमोर तिला झटका आला. तिचा नवरा बैलाचं शिंग धरून नुसता उभा होता.

डॉक्टर नवे होते, साताऱ्याकडचे. त्यांनी पोट बघितलं आणि विचारलं, “हिची स्लाइड झाली होती का?”

“झाली ना सर,” सुपरवायझर रजिस्टर उघडून म्हणाले. “टोळी आली तवाच घेतली आमच्या बाईनं. निगेटिव्ह हाये.” आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं. जन्मात पहिल्यांदा.

“म्हणजे गरोदरपणातले झटके,” डॉक्टर म्हणाले. “चंद्रपूरला हलवा. जीप बोलवा.”

जीप अहेरीला गेली होती. ती येणार कधी, चंद्रपूरला पोचणार कधी? मला ठाऊक होतं की ती काच तिची नाही. जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. मला अब्बा दिसत होते, त्यांचा मोहल्ला दिसत होता, निलंबनाचा कागद दिसत होता. खोटं कशाला सांगू, ती पोरगी मला सगळ्यात शेवटी दिसली. तोवर तिला दुसरा झटका आला.

“सर, ते रक्त तिचं नाही.” मी म्हटलं. “माझं आहे. मुंग्यांनी काचा खाल्ल्या, मी माझं रक्त लावलं.”

सुपरवायझरांनी रजिस्टर हळूच मिटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी तिथंच तिच्या बोटाला टोचलं, काच घेऊन स्वतः आत पळाले, आणि बाहेर येता येता क्विनाइनची सलाईन लावायला सांगितलं. मेंदूचा मलेरिया. जंतूंनी काच भरलेली होती.

त्याच दिवशी बाकीच्या सहाजणांकडे मी गेले. नदी कशी उतरले आठवत नाही. सहाही साफ निघाले. मला मेमो मिळाला, नोकरी राहिली.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. बाळ मात्र पोटातच गेलं होतं. मी रोज तिच्या खाटेशी जायचे, भात भरवायचे, आणि आज सांगू म्हणत परत यायचे. डॉक्टरांपुढं फुटलं ते तोंड तिच्यापुढं उघडायचंच नाही.

सुट्टी मिळाली त्या सकाळी नवरा बंडी घेऊन आला. ती चढली, बसली, आणि माझा हात धरून विचारू लागली, “बाई, मोर खून ला तो तैं पहिलीच देखे रहेस न?” माझं रक्त तू आधीच बघितलं होतंस ना? तिच्या आवाजात राग नव्हता. तिला एवढंच ऐकायचं होतं की तिनं वेळेवर बोट दिलं होतं, तिच्याकडून काही चुकलं नाही.

मी म्हटलं, “हो, बघितलं होतं.”

तिनं मान हलवली आणि बंडी निघाली.