बिनवायरचा गिटारवाला

२००४ साली केशोरी गावातल्या एका लग्नात ऑर्केस्ट्रातल्या लोकेशनं गिटारवर असा लांबलचक रॉक सोलो काढला, की लग्न लावायला आलेले भंतेजी माईक धरून ताटकळत राहिले. ऑर्केस्ट्राचा मालक रत्नपाल यानं त्याच्या गिटारची वायरच काढली. "तू फक्त केस उडवत उभा राय. गिटारचा आवाज पिंटू कीबोर्डवर काढते."

सहा वर्षं लोकेश मुक्या तारा छेडत राहिला. शेवटी कामठ्याच्या एका लग्नात पिंटूलाच कीव आली. त्यानं गुपचूप वायर जोडून दिली आणि स्वतःच्या कीबोर्डचा आवाज बंद ठेवला. लोकेशनं जीव तोडून वाजवलं, अख्खा मंडप नाचला.

रत्नपालनं पिंटूची पाठ थोपटली. "बाप्पा, काय गिटार काढली बे कीबोर्डवर!"

"सांग ना बे त्याले," लोकेश पुटपुटला.

"सांगितलं त तो दोघायलेबी हाकलन, भाऊ," पिंटू कुजबुजला.

लोकेशनं गिटार पिशवीत घातली आणि मालकाला पुढच्या लग्नाची तारीख विचारली.