एकोणिसाव्या मजल्यावरची अट

घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ढेरी, सोन्याची साखळी आणि गुर्मी येते. मग लालबागच्या गुणाजी घाडींना एकदा बघाच. अंगात दोन वर्षं जुना शर्ट, हातात कापडी पिशवी, गुडघे कुरकुरणारे आणि वय एकाहत्तर. टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट, आणि राहायला काळाचौकीत कांताबाईंच्या चाळीत दहा बाय बाराची भाड्याची खोली! असला घरमालक देवानं कुणाला करू नये.

टॉवर उभा राहिला तो त्यांच्याच पाडलेल्या चाळीच्या जागेवर. चावी मिळाली त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, शेवंतीकाकूंनी, दारात नारळ फोडला. सहाच महिन्यांत मेंटेनन्सच्या आकड्यानं दोघांना घाम फोडला. गिरणी बंद पडल्यावर गुणाजींनी जन्मभर मिळेल ती कामं केली, पेन्शन म्हणाल तर चहापुरती. तेव्हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा, आपण स्वस्तात राहायचं आणि मधल्या फरकावर चूल पेटवायची, असा मार्ग निघाला. ‘दोनेक वर्षांचा प्रश्न,’ असं तेव्हा म्हणाले होते. त्याला आता आठ वर्षं होत आली.

आठ वर्षांत त्यांनी काय नाही बघितलं! एका पोरांच्या टोळक्यानं गीझर जाळला. एक कुटुंब लाइटबिल ठेवून रातोरात पसार झालं. दर अकरा महिन्यांनी नवा करार, पोलीस ठाण्यात फेरी, आणि त्या अंगठ्याच्या मशीनसमोर उभं राहणं. मागावर काम करून गुणाजींच्या अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्या होत्या. मशीन ओळखच देत नसे. करार करणारा माणूस ओल्या फडक्यानं अंगठा पुसायचा आणि म्हणायचा, “काका, जरा दाबून.” गुणाजी दाबायचे. दाबून दाबून कंटाळले होते बिचारे.

पण खरी डोकेदुखी वेगळीच होती, आणि ती त्यांनी स्वतःच करारात लिहून घेतलेली होती. अट क्रमांक चौदा. भाद्रपदात पाच दिवस घरमालकांचा गणपती हॉलमध्ये बसेल. भाडेकरूंनी त्या दिवसांत हॉल मोकळा ठेवावा.

वडिलांनी चाळीतल्या खोलीत बसवलेला गणपती, एकसष्ट वर्षांचा. संपाच्या वर्षी घरात तांदूळ नव्हते तेव्हाही बसला होता. चाळ पडली, टॉवर झाला, पण जमीन तीच ना? मग गणपती तिथेच बसणार, असा गुणाजींचा हट्ट. ब्रोकर अभय हात जोडायचा. “काका, असली अट मुंबईत कुणी ऐकली नाही. पार्टी वाचते आणि पळते.” आणि पळायचीच. गेल्या साली तर त्या अटीपायी फ्लॅट चार महिने रिकामा पडला. दोघांनी मग एक वेळ पेजेवर काढली, पण अट काही सोडली नाही.

शेवटी अभयनं गौतम आणि नम्रता तांबे आणले. गौतम वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला. नम्रता शाळेत शिक्षिका. “काका, हिरा आहे हिरा,” अभय म्हणाला. “पण बौद्ध आहेत. तुमच्या त्या चौदा नंबरला हो म्हणणार नाहीत. आणि त्यांना आधीच पाच घरमालकांनी आडनाव ऐकून वाटेला लावलंय.”

कराराचा कागद छापून आला. तेरानंतर थेट पंधरा. अभयनं अट गाळली होती. गुणाजींनी ती रिकामी जागा बघितली, चार महिन्यांची पेज आठवली, आणि मशीनवर अंगठा दाबला. भाद्रपद लांब होता. पुढचं पुढे बघू, असं म्हणून माणूस गप्प बसतो ना, तसे ते बसले.

पुढचं पुढे यायला वेळ लागत नाही. श्रावण आला. शेवंतीकाकू रोज विचारायला लागल्या. “त्यांका सांगितलात?”

“सांगतंय गो.”

“कधी? गणपती दारात इल्यावर?”

एका रविवारी गुणाजी गेले. नम्रतानं चहा ठेवला. घर लखलखीत होतं. मखर जिथे लागायचं त्याच भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो होता. गुणाजी बघतायत म्हटल्यावर नम्रता घाईनं म्हणाली, “खिळा नाही मारला हं काका. करारात नको लिहिलंय ना, म्हणून चिकटपट्टीनं लावलंय.”

गुणाजींनी चहाचा कप खाली ठेवला. लिहिलेली एकूण एक अट या पोरांनी पाळली होती. आता न लिहिलेली कुठल्या तोंडानं सांगायची? पाच जणांनी यांना दारातून परत पाठवलं होतं. आपण सहावे व्हायचं?

“बाथरूमचा नळ गळतो का, ते बघायला आलो होतो,” ते म्हणाले. नळ गळत नव्हता. ते उठले आणि परत आले.

तिथून थेट कांताबाईंच्या दारात. आठ वर्षं दुसऱ्यांना अटी घालणारा माणूस आता स्वतः परवानगी मागत होता. “बसव ना बाबा गणपती, मी कशाला नको म्हणू?” कांताबाई म्हणाल्या. “फक्त भिंतीला खिळा मारू नको.”

यंदा गणपती काळाचौकीत ट्रंकेवर बसला. मखर मावेना म्हणून नुसती माळ. शेवंतीकाकूंनी पहाटेपासून मोदक केले. दुपार झाली. कोणी म्हणजे कोणी आलं नाही. गुणाजी दाराशी खुर्ची टाकून बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. एकसष्ट वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चाळ गेली आणि माणसंही विसरली, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. गणपती इथे बसतोय हे आपण कुणाला सांगितलंच नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. दर्शनाला बोलावणं कोण करतं? ज्याला घर ठाऊक, तो येतो.

चार वाजता जुन्या चाळीतल्या दुर्गामावशी धापा टाकत आल्या. “गुणाजी, मेल्या, थंयसर जावन इलंय मी! दार उघडलान त्या तुझ्या भाडेकरून. हात धरून बसवलान, पाणी दिलान आणि पत्तो लिहून दिलान.”

“त्याका पत्तो खंयसून गावलो?”

“माका काय म्हायत!”

शेवंतीकाकू चिडल्या. “करारावर असा ना आपलो पत्तो. लोकांका सांगूक तुमचा तोंड शिवलेला होता काय?”

मग रांग लागली. पाच दिवस माणसं येत राहिली, आणि जो तो आधी एकोणीस मजले वर जाऊन, मग खाली उतरून काळाचौकीला. मोदक दोनदा करावे लागले. गुणाजींना हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. त्या पोराकडे जाऊन दोन शब्द बोलावेत असं रोज ठरवायचे, आणि रोज टाळायचे.

पाचव्या दिवशी विसर्जन. शेवंतीकाकूंचे पाय सुजलेले, त्या घरीच थांबल्या. शेजारच्या पुष्करनं टॅक्सीतून दादर चौपाटीला नेलं. गणपती पाण्यात गेला, पाटावर मूठभर वाळू आली. परतताना रस्ता बंद म्हणून पुष्करनं त्यांना लालबागच्या नाक्यावर सोडलं. “जाल ना काका?” “जातो रे, न जायला काय झालं?”

ओला पाट छातीशी धरून गुणाजी चालायला लागले. अंग मोडून आलं होतं. दरसालसारखं डोकं रिकामं झालं होतं, आणि पाय आपले चालत होते. वॉचमननं ओळखीचं हसून लिफ्ट बोलावली. दारासमोर उभं राहून त्यांनी बेल दाबली. शेवंती पाण्याचा तांब्या घेऊन येईल, पायांवर पाणी घालेल, पाट जागेवर ठेवील.

दार गौतमनं उघडलं.

पाटावरून पाणी ठिबकत होतं. दारावर एक कागद चिकटवलेला होता, मोठ्या सुबक अक्षरात. ‘श्री. गुणाजी घाडी यांचा गणपती काळाचौकीला आहे.’ खाली कांताबाईंच्या चाळीचा पत्ता, खोली क्रमांक, बसचा नंबरसुद्धा.

“चुकलो रे,” गुणाजी म्हणाले.

गौतमनं त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, “काका, गणपती दरसाल इथे बसायचा हे आलेल्या माणसांकडून कळलं. तशी अट लिहिली असती तर आम्ही हे घर घेतलंच नसतं. खोटं कशाला बोलू?”

“ठाऊक होतं.”

“म्हणून नाही लिहिली?”

गुणाजींनी मान डोलावली. समोरच्या भिंतीवर तसबीर आणि फोटो सरळ रेषेत होते. चिकटपट्टीची कडा जरा सुटली होती.

“डिसेंबरात करार संपतोय,” गौतम म्हणाला. “तुम्हाला घर हवं असेल तर आम्ही दुसरं बघू.”

मेंटेनन्स, ब्रोकर, रिकामे महिने, पेज, सगळं एका क्षणात गुणाजींच्या तोंडावर येऊन गेलं. या घरात आपला गणपती आता परत बसणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

“रहा तुम्ही,” ते म्हणाले. “आणि तिथे एक खिळा मारून घे. पडेल ते.”

ते उठले. गौतमनं चप्पल घातली आणि पाट त्यांच्या हातातून घेतला. “चला, काळाचौकीपर्यंत सोडतो.” दार ओढून घेताना त्यानं तो कागद काढायला हात घातला.

गुणाजींनी त्याचं मनगट धरलं.

“असू दे,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीही लोक इथेच येतील.”