नेट कोण खात होतं

जब्बारभाई गेल्याचं मला क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली संचालक सरांचे जोडलेले हात, आणि त्याखाली लगेच पुढच्या टेस्टचं वेळापत्रक... लातूरच्या आमच्या क्लासमध्ये माणसासाठी यापेक्षा जास्त वेळ काढण्याची रीत नाही.

जब्बारभाई नांदेडचे. आमचं नेटवर्क सांभाळायचे. राउटर सतत नोंदी पाठवायचा, त्यांना ते 'फ्लो' म्हणत. मी फिजिक्स शिकवतो, तरी मला त्यांनीच समजावलं होतं, "सर, पाकिटात काय हाय ते मला दिसत न्हाई, बघायचंबी न्हाई. कुठून निघालं, कुठं गेलं, किती वजनाचं, एवढंच दिसतं. चोर घावायला तेवढं बस हाय."

चोर घावला, तीच पंचाईत झाली. ऑनलाइन टेस्ट मध्येच अडकू लागली तेव्हा संचालकांनी निकाल आधीच लावून टाकला होता, की होस्टेलच्या मुली सिनेमे बघतात. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात क्लास काढून आता पाच मजले चढवलेला माणूस, त्याला पुरावा कशाला लागतो! उमरीच्या दोन मुलींची नावं वॉर्डनबाईंनी पुरवली. दोघींना घरी पाठवायचं ठरलं. अशी घरी गेलेली मुलगी परत येत नाही, तिचं लग्न उरकतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

जब्बारभाईंनी मीटिंगमध्ये आलेख लावला. होस्टेलची रेघ तळाला टेकलेली. आभाळाला भिडलेली रेघ संचालकांच्या केबिनशेजारच्या खोलीची. तिथं बारा कॉम्प्युटरांवर सरांचीच लेक्चरं दिवसभर चालू असत, समोर चिटपाखरू नसताना... व्ह्यूज वाढावेत म्हणून! आपणच आपली आरती ओवाळायची आणि धूर झाला म्हणून पोरींना बाहेर काढायचं.

"तुमचं मशीन बिघडलंय," सर म्हणाले.

"मशीन खोटं बोलून न्हाई राहिलं, सर."

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही फिजिक्सवाले. असा आलेख चुकू शकतो की नाही?"

मला आलेख स्वच्छ कळला होता. "चुकू शकतो," मी म्हणालो. लिहितानाही लाज वाटते, पण म्हणालो.

 जब्बारभाईंनी कागद मागून घेतला आणि स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, 'नेटवर्कच्या सेटिंगमध्ये माझी चूक झाली, टेस्ट त्यामुळं अडकली, मुलींचा काही संबंध नाही.' सरांना इज्जत वाचवायला तेवढंच हवं होतं. मुली राहिल्या. जब्बारभाई नोकरी सोडून नांदेडला परतले.

क्लासमधल्या शोकसभेत सरांनी तोच कागद वाचून दाखवला. "चूक कबूल करणारा प्रामाणिक माणूस!" सभा अर्थातच लाइव्ह होती. त्या दोघींपैकी एक, आता मेडिकलला असलेली, मुद्दाम आली होती. बाहेर तिनं मला गाठलं. "सर, जब्बारचाचांची काय चूक झाली व्हती?"

मी तिला क्लासमधल्या त्यांच्या जुन्या खोलीत नेलं. त्यांनी लावलेला आलेखाचा स्क्रीन तिथं अजून चालू आहे, तो बंद कसा करायचा हे कुणाला येत नाही. त्यावरची होस्टेलची रेघ कोणती आणि सरांच्या केबिनशेजारच्या खोलीची कोणती, ते तिला समजावलं.

"त्यांची काहीच चूक नव्हती," मी म्हणालो. "खोटं मी बोललो होतो."